ताप किती आला की गोळी द्यायची? (आणि त्यावरून घरात होणारी भांडणं)

फोंड्याची_सून

मंडळी, पाऊस लागला आणि आमच्या घरात तापावरून वाद सुरू झाले. लेक सहा वर्षांची, शाळेतून काहीतरी घेऊन आलीय. सासूबाई पालथा हात कपाळाला लावतात आणि जाहीर करतात, "चेडूं तापलां गो." नवऱ्याने ऑनलाइन ती पिस्तुलासारखी मशीन मागवलीय, ती तो दर अर्ध्या तासाने पोरीच्या कपाळावर रोखतो. ९९.१ दिसलं की सिरपची बाटली हातात. मी म्हणते जरा थांब, तो म्हणतो तू काय डॉक्टर लागून गेलीस? सासूबाईंचं म्हणणं, दोघंही गप्प बसा, पेज द्या आणि पांघरूण घाला.

नेमका कितीला ताप म्हणायचं? औषध कधी द्यायचं? आणि डॉक्टरकडे पहिल्याच दिवशी पळायचं की वाट बघायची? आपापल्या घरची पद्धत सांगा. डॉक्टर मंडळी असतील तर सोन्याहून पिवळं.

काजूबोंडू

१०० च्या खाली असेल तर फेणी छातीला चोळायची, वर गेला तर पोटात. (मोठ्यांसाठी. दिवे घ्या.)

मांडवीकाठ

सासूबाईंना माझं मत. वाचतोय.

पीएचसीवाली

उत्तर गोव्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. पावसाळ्यात रोज हेच ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकडा. ९८.६ हा "नॉर्मल"चा आकडा वुंडरलिख नावाच्या जर्मन डॉक्टरच्या १८६८ च्या ग्रंथातून आला. हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून त्याने तो काढला होता. १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी तरुण माणसांचं तोंडातलं तापमान पुन्हा मोजलं तेव्हा सरासरी ९८.२ निघाली. शिवाय शरीर सकाळी थंड असतं आणि संध्याकाळी तापतं. त्या मोजणीप्रमाणे पहाटे ९८.९ च्या वर आणि संध्याकाळी ९९.९ च्या वर गेलं तर ताप. म्हणजे संध्याकाळचं ९९.१ हा ताप नव्हे, तुमच्या यजमानांना सांगा. मुलांच्या बाबतीत आम्ही साधारण १००.४ पासून ताप धरतो.

ती मशीन कपाळाच्या कातडीचं तापमान घेते. घाम असेल, पंख्याखाली झोपली असेल, उन्हातून आली असेल तर वाटेल ते दाखवते. साधा डिजिटल थर्मामीटर काखेत नीट दाबून धरा, बीप वाजेपर्यंत. काखेतलं तोंडापेक्षा अर्धा ते एक अंश कमी येतं. तोंडात लावणार असाल तर चहा प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा.

आता गोळीचं. औषध आकड्याला द्यायचं नाही, पोरीला द्यायचं. १०१ असून ती खेळतेय, पाणी पितेय, भावंडांशी भांडतेय, तर औषधाची घाई नाही. १०० च असून पोर मान टाकून पडलीय, हाक मारली तरी बघत नाही, तर सिरप शोधत बसू नका, सरळ डॉक्टरकडे आणा. पॅरासिटामॉल द्यायचं ते तिला बरं वाटावं म्हणून. त्याने आजार एक दिवसही लवकर बरा होत नाही.

डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. कुठल्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, कुठल्यात २५०. बाळांचे थेंब तर त्याहून घट्ट, १ मिलीतच १००. थेंबांची बाटली सिरपच्या चमच्याने पाजणारे आईबाप मी पाहिलेत.

आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ आला तर यातलं काही करायचं नाही. थेट इस्पितळ, रात्र असली तरी.

म्हापशाचा_बाप

डॉक्टरबाई, हे सगळं ठीक, पण ताप डोक्यात गेला तर? आमच्या शेजारच्या पोराला आकडी आली. तेव्हापासून बायको ९९ ला पण ओली पट्टी ठेवते.

पीएचसीवाली

तापात आकडी येते ती बहुतेक सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत, शंभरात दोन ते पाच जणांना. बघणाऱ्याची पाचावर धारण बसते, पण साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही. तापाचं औषध घड्याळ लावून दिलं तरी ती टळते असं दिसलेलं नाही, म्हणून वहिनींनी ९९ ला पट्टी ठेवून काही साधत नाही. आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. आकडी पहिलीच असेल, मूल वर्षाच्या आतलं असेल, किंवा थांबल्यावरही शुद्धीवर येत नसेल, तर थेट इस्पितळात.

पट्टी ठेवायचीच तर कोमट पाण्याची. बर्फाचं पाणी नको आणि फेणी तर मुलांना मुळीच चोळू नका, काजूबोंडू. ती कातडीतून आणि वासातूनही आत जाते.

काजूबोंडू

आमचा औषधी उपक्रम बंद पाडलात.

सांजवेळ

पांघरुणाचं काय? आईने आम्हाला कायम कांबळ्यात गुंडाळून घाम काढला.

रच्याकने, संध्याकाळी ९९.९ पर्यंत चालतं हे वाचून जीव भांड्यात पडला. बाबांच्या अंगात बरेच दिवस संध्याकाळी कसर असते, ९९.४, ९९.६ अशी. मी उगाच काळजी करत होते.

मठग्रामकर

पांघरुणावर मी लिहितो. डॉक्टर नाही, शरीरशास्त्र शिकवायचो.

एसीच्या रिमोटवर कुणीतरी २४ चे २८ केले की खोली तीच असून मशीनला ती थंड वाटू लागते. तापात मेंदूतला हायपोथॅलॅमस हेच करतो. जंतूंशी लढताना प्रोस्टाग्लॅंडिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते त्याचा आकडा वर सरकवतं. मग शरीर ९९ वर असूनही थंडी वाजते, दात वाजतात, कारण स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. त्या वेळी पोर पांघरूण मागत असेल तर द्या. थंडी थांबली, अंग भाजायला लागलं, की काढा. घाम फुटतो तो आकडा खाली आला म्हणून, कांबळ्यामुळे ताप उतरत नाही. पॅरासिटामॉल ते द्रव्य कमी करतं, म्हणून आकडा खाली येतो.

उन्हाचा झटका ही वेगळी गोष्ट. तिथे आकडा कुणी सरकवलेला नसतो, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते. एप्रिल-मेत मजूर बडबडायला लागला, अंग भट्टीसारखं, तर गोळीचा उपयोग शून्य. सावली, पाणी ओता, वारा घाला, १०८ बोलवा.

अवांतर: १९२७ चं वैद्यकाचं नोबेल वाग्नर-याउरेगला मिळालं ते रुग्णांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणल्याबद्दल. मेंदूपर्यंत गेलेल्या गरमीवर, म्हणजे सिफिलिसवर, तेव्हा तोच उपचार होता. पुढे पेनिसिलिन आलं आणि सुटलो.

मांडवीकाठ

सर, तुमच्या वर्गात बसलो असतो तर नापास झालो नसतो.

काचपट्टी

लॅबमध्ये काम करतो, म्हणून माझं गाऱ्हाणं. ताप येऊन सहा तास झाले नाहीत तोवर लोक येतात, "सगळ्या तापांच्या टेस्ट करा." पैसे तुमचे, पण दिवस चुकला की टेस्ट वाया.

डेंग्यूची एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत. आयजीएम (अँटिबॉडी शोधणारी) त्यानंतर. टायफॉइडची विडाल पहिल्या आठवड्यात बहुतेक काही सांगत नाही आणि नंतरही तिच्यावर फार भरवसा ठेवू नये. खरी टेस्ट रक्ताचं कल्चर, तीही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. लोक आधी दोन दिवस शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या खातात आणि मग कल्चरला येतात. काय उगवणार त्यात?

मलेरिया मात्र पहिल्याच दिवशी बघा. बोटाला टोचून एकाच काचेवर दोन ठिपके घेतो. एक जाड, परजीवी आहे का हे शोधायला, दुसरा पातळ पसरून, कुठला आहे ते ओळखायला. पहिली काच कोरी निघाली म्हणून मलेरिया नाही असं नाही. ताप सुरूच राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या. आरोग्य केंद्रात फुकट होते.

पणजीकर_जुना

मलेरियाचं निघालंच म्हणून. १९८६-८७ च्या आधी पणजीत मलेरिया असा नव्हताच म्हणा. मग बांधकामं वाढली. स्लॅबवर क्युरिंगचं पाणी साठवून ठेवायचं, गच्चीवर उघड्या टाक्या, आणि बाहेरून येणाऱ्या कामगारांतल्या काहींच्या रक्तात परजीवी आधीच. डास इथला, परजीवी बाहेरचा, आणि पाणी बिल्डरचं. नंतर कामगारांना आरोग्य कार्ड सक्तीचं झालं, रक्त तपासल्याशिवाय कामावर नाही. विहिरींत गप्पी मासे सोडले. आता रुग्ण कितीतरी कमी झालेत, पण नव्या इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात आजही बॅटरी मारून बघा.

आणि जुने गोवे बघायला पर्यटक येतात, ती नगरी तापाने आणि पटकीनेच ओस पडली. नाहीतर १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली नसती आणि आम्ही अजून तिकडेच पार्किंग शोधत असतो.

पीएचसीवाली

व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियावाल्यांसाठी एक जोड. ताप दोन-तीन दिवसांत जातो, पण प्रायमाक्विनच्या गोळ्या पूर्ण १४ दिवस घ्यायच्या असतात, कारण परजीवी यकृतात लपून बसतो. मध्येच सोडल्या की काही महिन्यांनी पुन्हा हुडहुडी. गरोदर बाईला त्या देत नाहीत आणि रक्तात जी६पीडी या एन्झाइमची कमतरता आहे का हे डॉक्टर आधी बघतात, तेव्हा दुसऱ्याच्या गोळ्या खाऊ नका.

वाळपयचो_काजूकार

आमच्या सत्तरी तालुक्याचा ताप कुणी बोललाच नाही. माकडताप. २०१५ मध्ये आमच्या इथे पाळी गावात निघाला. मूळ कर्नाटकातला, शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये पहिल्यांदा ओळखला म्हणून डॉक्टरी नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. नंतर दोडामार्ग, बांदा भागातही गेला.

हा पावसाळ्यातला नव्हे. जानेवारी ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. बोंडं गोळा करायला माणूस पाचोळ्यात बसतो आणि गोचीड चढते. ती इतकी बारीक असते की तिळाएवढा काळा ठिपका, मांडीच्या सांध्यात, कमरपट्ट्याखाली, काखेत जाऊन चिकटते. बागेत माकड मेलेलं दिसलं तर त्याच्या आसपास जायचं नाही, हात लावायचा नाही, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवायचं. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी खाली उतरतात.

आम्ही जाताना आरोग्यखात्याने दिलेलं तेल हातापायांना लावतो, लांब पँट मोज्यात खोचतो, आणि परत आलं की कपडे थेट गरम पाण्यात. ताप एकदम चढतो, डोकं फुटल्यासारखं, कंबर आणि पोटऱ्या ठणकतात. काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरी फेरी येते, त्यात गुंगी, बरळणं. खास औषध नाही. लस दिली जायची, पण तिचा फारसा उपयोग दिसला नाही म्हणून बंद केली. इस्पितळात वेळेवर पोचलं की बहुतेक वाचतात. पण डॉक्टरला सांगा तरी, की काजूत गेला होतात म्हणून! माणसं "ताप आला" एवढंच सांगतात.

काजूबोंडू

म्हणजे हुर्राक प्यायला बागेत गेलो तरी तेल लावायचं?

वाळपयचो_काजूकार

तू भाटीच्या पायरीवरच आडवा होतोस, गोचीड तुझ्याच वाटेकडे डोळे लावून बसते.

पीएचसीवाली

काजूकारांच्या शेवटच्या वाक्याला +१००. माझ्यासमोर रुग्ण बसला की थर्मामीटरपेक्षा जास्त उपयोगी माहिती म्हणजे ताप कितवा दिवस, आधी कुठे गेला होता आणि काम काय करतो. शेतात चिखलात उतरला, गटार साफ केलं, पुराच्या पाण्यातून चालला, आणि आता पोटऱ्या दाबल्या तर ओरडतो, डोळे लाल पण पू नाही, तर मला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) आठवतो. उंदराच्या मुताने दूषित झालेलं पाणी पायाच्या भेगेतून आत जातं. लवकर डॉक्सिसायक्लिन मिळालं तर साधा ताप, उशीर झाला तर कावीळ आणि मूत्रपिंड. भातलावणीत उतरणाऱ्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम आधीच देता येतं, पण ते डॉक्टरला विचारून. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी ते नाही.

आयुर्वेदी_आंबो

लंघनं परमौषधम्! आजी किरायत्याचा काढा आणि पेज यावर सगळा ताप घालवायची. तुमच्या गोळ्यांचा धंदा आहे सगळा. आणि डेंग्यूत पपईच्या पाल्याने माझ्या मेव्हण्याचे प्लेटलेट्स ३० हजारांवरून लाखावर गेले, हे डोळ्यांनी पाहिलंय.

रात्रपाळी

आंबोबाब, दक्षिण गोव्यात नर्स आहे, म्हणून हे माझ्यावर सोडा. पेजेला माझा पाठिंबा, उकड्या तांदळाची, मीठ घालून. पाणी, मीठ आणि थोडी ताकद, तिन्ही एका वाटीत. लंघन मोठ्यांनी भूक नसेल तर करावं, पोराला नको. पाल्याचं म्हणाल तर डेंग्यूत प्लेटलेट्स ताप गेल्यावर दोन-तीन दिवसांत आपोआपच चढायला लागतात. पाला त्याच वेळी पाजला की श्रेय त्याला. आधीच ओकणाऱ्या माणसाला तो कडू रस पाजताना मी नातेवाइकांशी भांडलेय. त्याला नारळपाणी द्या, ओआरएस द्या.

डेंग्यूत माणूस बिघडतो तो ताप उतरताना, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. माझ्या ओळखीतला एक तरुण. १०३ चा ताप उतरला, घरच्यांनी देवाला नारळ ठेवला. दुपारी पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हात गार, सकाळपासून लघवी नाही. दुकानातून अंगदुखीसाठी गोळी आणली होती, ती सुरूच. आणलं तेव्हा नाडी लागत होती ती बारीक आणि भरभर, आणि तो मात्र आईला सांगत होता, "आता बरं वाटतंय, ताप नाही." रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपत असतं, रक्त घट्ट होतं. सलाइन वेळेत मिळालं, चौथ्या दिवशी चालत घरी गेला.

म्हणून ताप उतरला तरी दोन दिवस लक्ष ठेवा. पोटदुखी, सतत ओकारी, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळी शी, अस्वस्थपणा किंवा फार झोप, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं की निघा. आणि डेंग्यूची शंका असेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड काही नको, फक्त पॅरासिटामॉल. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्यांना २०११ पासून बंदच आहे, तरी जुन्या बाटल्या कपाटात सापडतात.

काचपट्टी

प्लेटलेट्ससाठी मला रात्री अकराला फोन येतात. रक्तस्राव नसेल तर साधारण १०,००० च्या वर नुसत्या आकड्यासाठी पिशवी लावायची गरज नसते. त्याच रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट असतं, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते, ते वाढतंय का ते डॉक्टरला विचारा. ते कुणीच विचारत नाही.

आयुर्वेदी_आंबो

बरं, पाला मागे घेतो. काढा घेणार नाही मागे.

किनाऱ्यावरची

आईची केमो चालू आहे. तिच्यासारख्यांसाठी वरचे नियम उलटे आहेत, म्हणून लिहिते. डॉक्टरांनी बजावलंय, १००.४ आला की घरी गोळी देऊन "बघूया" करायचं नाही, तासाभरात इस्पितळ गाठायचं, कारण पांढऱ्या पेशी कमी असतात. आमची बॅग दाराशी भरलेली असते. आणि आजोबांना न्यूमोनिया झाला तेव्हा ताप आलाच नव्हता. नुसते असंबद्ध बोलायला लागले आणि न्हाणीघरात पडले. म्हाताऱ्यांत ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

फोंड्याची_सून

देव बरें करूं सगळ्यांना! मशीन कपाटात गेली. नवरा थोडा हिरमुसला. आता फ्रिजवर कागद चिकटवलाय: वेळ, ताप, औषध किती, शू झाली का. लेकीचं वजन १८ किलो, आमचं सिरप २५० वालं, म्हणजे एका वेळी ५ मिली, बरोबर ना? आज १००.८ आहे, पण सासूबाईंबरोबर पत्ते खेळतेय आणि लबाडी करतेय.

पीएचसीवाली

५ मिली बरोबर. सर्दीचं वेगळं सिरप देत असाल तर त्यातही पॅरासिटामॉल आहे का ते वाचा, नाहीतर दुप्पट होतं. तिसऱ्या दिवशीही ताप राहिला तर आणून दाखवा. मधे वरच्यापैकी काही दिसलं तर त्याआधीच.

आणि सांजवेळ, तुमची पोस्ट आता नीट वाचली. ९९.९ चा आकडा निरोगी माणसाचा आहे, एखाद्या संध्याकाळचा. बाबांची कसर "बरेच दिवस" म्हणजे किती? खोकला आहे? भूक, वजन? रात्री घाम?

सांजवेळ

गणपतीच्या आधीपासून असेल... नाही, ते गेल्या वर्षी. शिगमो झाल्यापासून म्हणा. खोकला आहे, पण बिडी ओढतात म्हणून तो कायमचाच. पँटला नवीन भोक पाडलंय पट्ट्याला. घामाचं विचारते.

पीएचसीवाली

विचारून वाट बघू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा अंगात कसर आणि वजन उतरतंय, तर बेडक्याची तपासणी हवी, क्षयासाठी. बिडीवाल्यांचा खोकला "कायमचा" म्हणूनच तो उशिरा सापडतो. जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट. छातीचा एक्स-रेही काढतील. क्षयच असेल असं नाही, आणि असला तरी पूर्ण बरा होतो. तोवर बाबांची खोली हवेशीर ठेवा आणि नातवंडांना जवळ झोपवू नका.

सांजवेळ

उद्या सकाळीच नेते. उपाशीपोटी न्यायचं का?

काचपट्टी

उपाशी नको. डबी केंद्रातच मिळते. एक नमुना तिथे लगेच, दुसरा परवा पहाटेचा. उठल्या उठल्या साध्या पाण्याने चूळ भरायची, बाहेर मोकळ्या हवेत उभं राहून दोनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून काढायचं. थुंकी नको. निम्म्या डब्या आम्हाला थुंकीच्या मिळतात आणि माणसाला पुन्हा फेरी पडते. झाकण घट्ट लावा.